भरून आलेल्या डब्या

शनिवारी अमोल द्वारका चौकातलं दुकान नोकरांच्या भरवशावर टाकून सकाळी अकरालाच गंगापूर रोडला भावाच्या घरी हजर झाला, तेव्हाच मोहिनी समजली, की आज नवरा सही घेतल्याशिवाय उठत नाही. एरवी सण असो, सुतक असो, हा माणूस दोनच्या आत औषधांच्या दुकानाचं शटर ओढत नाही. आज मात्र इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशाला दोन पेनं लावली होती. एक चाललं नाही तर दुसरं असावं म्हणून.

कागद तसा दोन पानांचाच होता. त्याच्या थोरल्या वहिनीने, म्हणजे डॉक्टर उज्वला बोरस्तेने, सात वर्षं जीव आटवून टाचांच्या भेगांवर एक मलम तयार केलं होतं. अहमदाबादची एक कंपनी ते घ्यायला तयार होती. औषध म्हणून नव्हे, क्रीम म्हणून. गुलाबी ट्यूब, वर मोराचं पीस आणि राणीसारखे पाय वगैरे जाहिरात. औषध म्हणून विकायचं तर मंजुरी हवी, मंजुरीला ट्रायल हवी, आणि ट्रायल म्हटली की वर्षं जातात. क्रीमला कोण विचारतंय!

सासऱ्यांची द्राक्षबाग विकून कंपनी काढलेली, म्हणून ती चौघांच्या नावावर होती. शेखर आणि उज्वला, अमोल आणि मोहिनी. दिवाळीत यावरून अशी जुंपली, की भाऊबीजेचे लाडू कुणालाच गोड लागले नाहीत. शेवटी उज्वलाच ताडकन उठून म्हणाली होती, "ट्रायल फसली तर मी स्वतः सही करीन. पण तोवर माझ्यासमोर गुलाबी रंग आणायचा नाही."

मोहिनीने तेव्हापासून खबरदारी म्हणून गुलाबी साडी नेसली नव्हती.

तर आज ती ट्रायल तपासायला पुण्याहून मॉनिटर यायचा होता. त्या निमित्ताने जेवायला सगळे जमले होते. सासऱ्यांची बहीण बायडाबाई पिंपळखेड्याहून पहाटेच्या एसटीने सांजोऱ्यांचा डबा घेऊन आली होती, आणि डबा ओट्यावर ठेवून लगेच गंगेवर, म्हणजे गोदेवर, गेली होती. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही नाशकात पाऊल टाकलं की आत्याबाईंना आधी गंगा लागते, मग माणसं.

साडेअकराला खालच्या दवाखान्यातून स्नेहल जिना चढून वर आली. ट्रायलच्या नोंदी तीच ठेवायची. गुणी मुलगी, पण बातमी वाईट असली की तिचे कान आधी लाल होतात. आज दोन्ही लाल होते.

"मॅडम, डब्यांचं वजन झालं."

"मग?"

"पंचेचाळीस डब्या भरलेल्या आहेत."

उज्वलाच्या हातातली कोथिंबीर हातातच राहिली.

आता हे डब्यांचं समजून घ्यायला हवं. पिंपळखेड्यातल्या शहाण्णव बाया ट्रायलमध्ये होत्या. सगळ्या शुगरच्या आणि सगळ्यांच्या टाचा नांगरल्यासारख्या. निम्म्यांना खरं मलम दिलेलं, निम्म्यांना हुबेहूब तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं. कुणाला कुठलं, ते बायांनाही ठाऊक नाही आणि उज्वलालाही नाही. ती यादी पुण्यात सीलबंद पाकिटात. दर पंधरा दिवसांनी जुनी डबी आणून द्यायची, नवी न्यायची. आलेली डबी स्नेहलने झाकण न उघडता नुसती तोलायची. हलकी झाली म्हणजे बाईने मलम लावलं. झाकण का उघडायचं नाही? तर उरलंसुरलं मलम बघून, हुंगून कुणाला अंदाज येऊ नये म्हणून. तीन महिने सगळ्या डब्या शहाण्यासारख्या हलक्या होऊन आल्या. परवाच्या गुरुवारी शेवटचं शिबिर झालं, बायांच्या टाचांचे शेवटचे फोटो काढून झाले आणि शेवटच्या डब्या गोळा झाल्या. त्यातच हा घोळ.

"भरलेल्या म्हणजे? थोडं उरलंय का?" शेखरने पेपर खाली घेतला.

"नाही सर, गच्च भरलेल्या. त्यातल्या एकोणीस तर आपण दिल्या तेव्हापेक्षा जड आहेत."

"म्हणजे लावलंच नाही!" अमोल उभाच राहिला. चेहरा दुःखी ठेवायचा त्याने प्रयत्न केला, पण तो चेहरा त्या कामाचा नव्हता. "बघ दादा. मी म्हणत नव्हतो? फुकटचं म्हणून बायांनी घेतलं आणि कोनाड्यात ठेवून दिलं. वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. नशीब असतं एकेकाचं."

"अमोलभाऊजी, मी स्वतः टाचा बघितल्यात. गुरुवारी. त्यातल्या कित्येक भरून आल्यात. न लावता आल्या का?"

"थंडी गेली की आपोआप भरतात."

"आणि जड कशा झाल्या? मलम काय डबीत व्यालं?"

उज्वला आता सुटली होती. तिने कोथिंबीर ओट्यावर आपटली. "गुरुवारी आमची गाडी गॅरेजला होती. डब्यांची खोकी पिंपळखेड्याहून इथे तुमच्या दुकानाच्या टेम्पोतून आली. मध्ये एक रात्र कुठे होती?"

"दुकानात होती. काय म्हणायचंय तुम्हाला?"

"मला काही म्हणायचं नाही. मी विचारतेय."

"दादा, ऐकतोयस ना? तुझी बायको मला चोर म्हणतेय!"

शेखर गरीब माणूस. सात वर्षं तो निमूट बायकोच्या बाजूने होता, बागेचे पैसे मलमात गेले तरी ब्र काढला नव्हता. पण धाकट्या भावाला चोर म्हटल्यावर त्याला राहवलं नाही. "उज्वला, हे जास्त होतंय. तूच म्हणाली होतीस ना, ट्रायल फसली तर सही करीन? मग मॉनिटर काय म्हणतो ते बघू, आणि नाही म्हणाला तर करून टाक सही. घरात भावाभावांत हे नको."

झालं. एका कोथिंबिरीच्या जुडीत घरातले पक्ष फिरले. अमोलने कागद टेबलावर ठेवला, त्यावर पेन ठेवलं आणि पेन घरंगळू नये म्हणून मिठाची बरणीही ठेवली.

मोहिनी तेवढा वेळ ताटं पुसत होती. एकच ताट तिसऱ्यांदा पुसत होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तिचं माहेर पिंपळखेड्याच्या अलीकडचं. जड झाल्या म्हटल्याबरोबर तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि तिला इतकं हसू आलं, की तिने तोंडाला पदर लावला. अमोलला वाटलं, बायको रडतेय. त्याला बरं वाटलं.

बोरस्त्यांच्या घरात येऊन मोहिनीला अठरा वर्षं झाली होती. रसायनशास्त्राची पदवी घेऊन आली आणि इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये अठरा वर्षं नवऱ्याच्या शर्टांवरचे औषधांचे डाग काढण्यापलीकडे त्या पदवीचा तिने उपयोग केला नव्हता. आज पहिल्यांदाच तिला असं काही माहीत होतं, जे या घरातल्या एकाही हुशार माणसाला माहीत नव्हतं. अशी वस्तू लगेच कुणी वाटून टाकतं का?

ती उज्वलाच्या मागोमाग मागच्या गॅलरीत गेली.

"ताई, उद्या मलमाचा कारखाना झाला, तर भरणी-पॅकिंग कोण बघणार?"

"मोहिनी, ही वेळ आहे का गं विचारायची?"

"हीच आहे. मी बघणार. पगारावर. आणि यांना विचारायचं नाही. हो म्हणा."

"अगं, कारखाना कुठला आता! सगळं संपलं."

"संपलं तर तुमचं काय जातंय हो म्हणायला?"

उज्वला थकून म्हणाली, "हो. बाई, हो."

"मग मॉनिटर डब्या उघडायला लागला, की आत्याबाईंना खाली पाठवा. बास." एवढं बोलून मोहिनी ताटं घ्यायला निघून गेली. जाताना गुणगुणत होती.

मॉनिटर रवी गायधनी पाऊणला आला. तिशीचा, सडपातळ, जिथे जाईल तिथे स्वतःची पाण्याची बाटली आणि स्वतःचा डबा नेणारा. वर जेवायला बोलावलं तर म्हणाला, "धन्यवाद, नियमात बसत नाही," आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून पोळी आणि दोडक्याची भाजी खायला लागला. त्याच वेळी बायडाबाई ओली साडी पिशवीत घालून गंगेवरून परतली. परसदारी असो की पायरीवर, पाहुणा उपाशी दिसला की तिचा जीव वरखाली होतो.

"आरं, कोनाचा रं तू? पायरीवर का जेवतोस?"

"मी गायधनी. तपासणीला आलोय, आजी. इथलं मला खाता येत नाही."

"का? वर सांजोऱ्या हायेत. रातभर जागून केल्यात."

"खाल्लं तर ती लाच होते."

बायडाबाईने कमरेवर हात ठेवले. "सांजोरीची लाच?"

"होते, आजी."

"आन् पानी?"

"पाणी माझं आहे."

"मंग डबा तरी धुऊ दे. का धुन्याची पन लाच व्हती?"

रवीने बराच विचार केला. सगळी नियमावली त्याला तोंडपाठ होती आणि तीत डबा धुण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. त्याने डबा दिला. ही त्याची त्या दिवसातली एकमेव चूक.

दीडला डब्या उघडायचं ठरलं. रवी म्हणाला, "घरातला एक साक्षीदार हवा. पण पाय तपासणाऱ्या डॉक्टर नकोत. मॅडम, भरलेल्या डब्यांचे नंबर पाहिलेत का तुम्ही?"

"नाही. फक्त आकडा ऐकला. पंचेचाळीस."

"उत्तम. मग तुम्ही वरच थांबा. सांगेपर्यंत जिना उतरायचा नाही."

साक्षीदार व्हायला अमोलने इतक्या उत्साहाने हात वर केला, की शाळेत कधी केला नसेल.

दवाखान्याचं दार आतून लागलं. स्नेहलने हातमोजे घातले आणि भरलेल्या डब्यांतली पहिली डबी उघडली. रवी वाकला, चष्मा पुसला, पुन्हा वाकला.

"सर, साखर आहे," स्नेहल म्हणाली.

"चाखलीत?"

"नाही."

"मग पांढरा स्फटिकी पदार्थ." त्याने तसं लिहिलं.

दुसऱ्या डबीत गूळ अंगठ्याने दाबदाबून बसवलेला. तिसरीत साखर आणि वर एक लवंग. चौथीत बेदाणे. पुढे पुन्हा साखर, मुगाची डाळ, हळद लावलेले तांदूळ. एका डबीत लिंबाचं लोणचं, त्याचं तेल झिरपून लेबलवरचा नंबर पुसट झालेला. प्रत्येक डबी मात्र आतून राखेने घासल्यासारखी लखलखीत. मलमाचा कण नाही.

"खोडसाळपणा आहे हा, निव्वळ!" अमोल म्हणाला. "लिहा साहेब. ट्रायल रद्द. फारच वाईट झालं." आणि त्याने खिशातलं दुसरं पेन चाचपलं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. मोहिनीने बायडाबाईला आत ढकललं आणि स्वतः जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. वर जायला तिला घाई नव्हती.

बायडाबाईने टेबलावर नजर फिरवली आणि तिच्या तोंडभर हसू पसरलं. "आली का समदी? आन् उघडून असं मांडून काय ठेवलंय? मुंग्या येतील ना!"

"आजी, तुम्हाला माहीत होतं हे?"

"माहीत म्हंजे? मीच सांगितलं बायांना." ती खुर्ची ओढून ऐसपैस बसली. "ह्या आधी कसं, जुनी दिली का नवी मिळायची. देनंघेनं चालू व्हतं. मागल्या खेपेला म्हनली ही पोर, आता शेवटची, आता नवी नाय. मंग? शेजारनीची वाटी आपुन रिकामी धाडतो का? आन् ही तर आमच्या सुनेच्या घरची डबी. डॉक्टरीन असून तीन महिने बायांच्या घानेरड्या टाचा मांडीवर घेऊन बसली ती. सख्ख्या लेकी बसत न्हाईत. तिला रिकामी डबी धाडायची? लाज वाटंल मला!"

रवीचं पेन थांबलं होतं. "पण साखरच का? सगळ्या शुगरच्या पेशंट आहेत ना?"

"म्हनून तर! हिनंच साखर बंद केली समद्यांची. घरात पडूनच व्हती."

स्नेहलने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. रवी गायधनीच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, पण त्याने बाटलीतलं पाणी लागोपाठ तीन घोट प्यायलं. मग उरलेल्या एकावन्न डब्यांकडे बघून त्याने विचारलं, "आणि या? या बायांनी का भरल्या नाहीत?"

"त्यांना कुठं गुन आला?" बायडाबाई सहज म्हणाली. "मी काय म्हनलं, जिच्या टाचा भरल्या तिनं डबी भरावी. जिला गुन नाय तिनं नुस्ती घासून द्यावी. खोटं कौतुक नको. डॉक्टरनीला खोटं चालत नाय."

स्नेहलने हातातलं झाकण हळूच टेबलावर ठेवलं.

अमोल व्यापारी माणूस. गेली वीस वर्षं तो औषधं विकत होता. कुठली गोळी बाई स्वतःहून पुन्हा मागायला येते आणि कुठली डॉक्टरच्या भीतीने, हे त्याला गिऱ्हाईक पायरी चढतानाच कळायचं. शहाण्णवांतल्या निम्म्या म्हणजे अठ्ठेचाळीस बायांना खरं मलम. गुण आला म्हणून भरलेल्या डब्या पंचेचाळीस. त्याने मनातल्या मनात हिशेब केला, मग बोटांवर केला, आणि बोटं मुठीत मिटून घेतली. आपण हे, हे असं मलम, मोराच्या पिसाखाली गुलाबी ट्यूबमध्ये घालून विकायला निघालो होतो?

"साहेब," तो हळूच म्हणाला, "याचा अर्थ..."

"याचा अर्थ काहीही नाही," रवीने त्याला तिथेच तोडलं. "पाकीट दोन महिन्यांनी उघडेल, तेव्हाच अर्थ. तुम्ही तिघांनी आत्ता जे ऐकलं, ते डॉक्टरांच्या कानावर जाता कामा नये. ट्रायल त्यांची आहे. इथे सही करा. आणि बोरस्ते, तुमचा चेहरा सरळ करा."

"सरळच आहे."

"नाही. फार आनंदी आहे."

"पण ट्रायल? रद्द नाही ना करायची?" हे अमोलने विचारलं. त्याच अमोलने! स्नेहल बघतच राहिली. "साहेब, बाया अडाणी आहेत हो, त्यांना काय कळतं नियम! तुम्ही सांभाळून घ्या. एवढी मेहनत आहे वहिनींची."

रवीने कागद गोळा केले. "टाचांचे फोटो गुरुवारीच पुण्याच्या दोन डॉक्टरांकडे गेलेत. त्यांना या डब्यांचा पत्ता नाही. तो भाग ठीक आहे. पण शेवटच्या पंधरवड्याचं वजन बाद. पंचेचाळीस बायांचे जबाब घ्यावे लागतील. बाकी माझ्या हातात नाही, वरिष्ठांना विचारून सहाच्या आत फोन करतो." बायडाबाईने घासून पुसून आणून दिलेला डबा त्याने न बघता पिशवीत टाकला आणि तो निघाला.

वर उज्वला पुढच्या गॅलरीत बसून होती. शेजारी शेखर. काय बोलावं न सुचून तो तिला मोठ्याने पेपरातला द्राक्षांचा भाव वाचून दाखवत होता. ती ऐकत नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर सासूचा पाय होता.

कुसाबाईच्या टाचेला भेग पडली होती. साधी भेग. घरात एमडी सून. रोज सकाळी ती सासूची शुगर बघायची, बीपी बघायची, गोळ्या मोजून हातावर द्यायची. टाच मात्र तिने कधी बघितली नाही, कारण सुनेसमोर पाय कसा पुढे करायचा म्हणून कुसाबाई तो नऊवारीत झाकून बसायची. वास यायला लागला तेव्हा उशीर झाला होता. गुडघ्याखालून पाय गेला, पुढे वर्षभरात माणूस गेलं. लोक म्हणाले, नशीब. उज्वला कधी तसं म्हणाली नाही. दवाखाना अर्धा दिवस बंद करून तिने त्या दिवसापासून बायांच्या टाचा बघायला घेतल्या. आता तेच मलम क्रीम होऊन कुणा धडधाकट मुलींच्या धडधाकट पायांना लागणार होतं. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

जिन्यावर पावलं वाजली. आधी अमोल, मागे मोहिनी आणि हाशहुश करत बायडाबाई. उज्वला डोळे पुसून उठली, आत गेली आणि तिने मिठाची बरणी बाजूला केली. "बोलते त्याला मी जागते. पेन कुठलं चालतंय यातलं?"

अमोलने झडप घालून कागद काढून घेतला. "राहू द्या हो वहिनी! घाई काय आहे?"

"घाई? सकाळी अकरापासून कोण बसलंय?"

"सकाळची गोष्ट वेगळी. मी काय म्हणतो, अजून फोन यायचाय. आणि नाही म्हणाले, तर आपण परत ट्रायल करू. माझं इंदिरानगरचं पार्किंग विकू. त्या अहमदाबादवाल्याला काय कळतं औषधातलं? मोराची पिसं लावतो मेला!"

शेखरला वाटलं, भावाला ऊन लागलं. "अमोल, खाली काय झालं?"

"काही नाही. मी काही पाहिलं नाही. मला सांगता येत नाही." आणि हे बोलताना गडी असा खुलला होता, की लग्नात मोहिनीनेही त्याला इतका खुललेला पाहिला नव्हता.

उज्वला बघत राहिली. दीर तिला चोवीस वर्षांपासून माहीत होता. जी वस्तू खपणार नाही, तिला अमोल बोट लावत नाही. आणि जी खपणार, ती अमोल जन्मात हातची सोडत नाही. तिने पंचेचाळीस हा आकडा एकदा मनात घोळवला, अमोलच्या हातातल्या चुरगळत चाललेल्या कागदाकडे एकदा पाहिलं, आणि मग ती चटकन पाठमोरी झाली आणि विनाकारण फडताळातल्या बरण्या सारख्या करायला लागली.

"भाऊजी, मी टेम्पोचं बोलले, ते मागे घेते."

"कसला टेम्पो? मी विसरलोसुद्धा."

"ताई," मोहिनी म्हणाली, "पॅकिंगचं लक्षात आहे ना?"

"कसलं पॅकिंग?" अमोलने विचारलं.

"मलाही सांगता येत नाही," मोहिनी म्हणाली.

पावणेसहाला फोन वाजला. उज्वलाने तो स्पीकरवर टाकला. मागे द्वारकेच्या चौकातले हॉर्न ऐकू येत होते.

"डॉक्टर, गायधनी बोलतोय. तासाभरापासून या चौकात अडकलोय. वरिष्ठांशी बोलणं झालं. ट्रायल चालू राहील. शेवटच्या वजनाच्या पंचेचाळीस नोंदी, प्रत्येकीचा जबाब, आठ दिवसांत."

शेखर मटकन खुर्चीत बसला. उज्वला फोनसमोर नुसती मान हलवत राहिली. अमोलने तिच्या वतीने तीनदा थँक्यू म्हटलं.

"आणखी एक," फोनमधून आवाज आला. "माझा डबा मी आणला होता त्यापेक्षा जड आहे."

सगळ्यांनी बायडाबाईकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

"उघडलास का?" तिने विचारलं.

"उघडला, आजी. सहा सांजोऱ्या. नियमाप्रमाणे परत करायला हव्यात. पण मागे वळायला इथे जागा नाही." थोडा वेळ नुसते हॉर्न वाजले. "सेहेचाळीसावी नोंद मी माझ्या नावाची केलीय. आता पाच उरल्यात." आणि फोन बंद झाला.

हसण्याचा गोंधळ ओसरल्यावर बायडाबाईची सातच्या एसटीची घाई सुरू झाली. ती जमिनीवर बसून चपला घालत होती. उज्वला तिचा धुतलेला डबा घेऊन आली आणि समोर उकिडवी बसली. तेव्हा तिला आत्याबाईंच्या टाचा दिसल्या. नखाएवढ्या खोल भेगा, कडा काळ्या पडलेल्या. घरच्यांना ट्रायलमध्ये घेता येत नाही, म्हणून शहाण्णव बायांना गोळा करून आणणारी ही बाई स्वतः तीन महिने शिबिराच्या दारात नुसती बसून राहिली होती. आणि तीन महिने उज्वलाने पुन्हा घरातली टाच बघितली नव्हती.

"आत्याबाई, पाय द्या इकडे."

"सोड गं, घान हाये."

"द्या म्हणते ना!" तिने पाय मांडीवर ओढून घेतलाच. बोट फिरवून प्रत्येक भेग तपासली. जखम नव्हती. अजून नव्हती. "पुढच्या शनिवारी परत यायचं. दर आठवड्याला मी बघणार. झाकून बसायचं नाही."

"आन् मलम?"

"ते आत्ता देता येत नाही. पाकीट उघडायचं, पुढची परीक्षा, मग मंजुरी. दोन वर्षं तरी लागतील, आत्याबाई."

तिला वाटलं, म्हातारी रागावेल. बायडाबाईने नुसता डबा हातात घेतला, कानाशी हलवून बघितला आणि झाकण उघडलं. आत कोऱ्या सुती मोज्यांचे दोन जोड होते आणि खोबरेल तेलाची छोटी बाटली.

"रिकामा नाय दिलास," ती म्हणाली. "चोवीस वर्षांनी शिकलीस." मग मोजे परत नीट घडी करून ठेवले, झाकण दाबून लावलं आणि उज्वलाच्या खांद्याचा आधार घेऊन उठली. "दोन तर दोन. तवा येताना मोठा डबा आनते."